देठ जिकडं, वाट तिकडं

विनायक, आपला देव जुना झाला. किती जुना, ते परवाच्या रविवारी धावड्याच्या वरच्या फाट्यावर एका म्हातारीनं मला सांगितलं, आणि ऐकल्या ऐकल्या माझा हात खिशातल्या मोबाईलकडं गेला. तुला फोन लावायला. त्या डोंगरात रेंज नसते हे मला माहीत आहे. तू नाहीस हेही माहीत आहे. हाताला मात्र दोन्हीतलं काही माहीत नव्हतं.

म्हणून हे लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी सायकल सांगावी लागते, मग डोंगर सांगावा लागतो, मग पान आणि दगड. एवढं सांगून होईपर्यंत समोरच्याचं हसू विरून जातं. पण आता बसलोच आहे तर सगळं सांगतो. तुला माहीत असलेलंही सांगतो, कंटाळू नको. चढावर तू माझी वाट बघायचास तशी बघ.

ऑफिसात तुझी शोकसभा झाली. मोठ्या हॉलमध्ये फोटो, हार, उदबत्ती. एकेक जण उठून बोलला. तू मनमिळाऊ होतास, हिशोबाला चोख होतास, सदा हसतमुख होतास. हसतमुख होतास ते खरं, पण सपाटीवर. चढावर तुझं तोंड कारलं चावल्यासारखं व्हायचं, ते त्यांच्यापैकी कुणी बघितलेलं नाही. मलाही बोला म्हणाले. मी उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. लोकांना वाटलं, मला भरून आलं. भरून आलं नव्हतं, मला राग आलता. एवढे सगळे बोलले, त्यात एकानंही सायकलीचं नाव काढलं नाही.

बियाण्यांची कंपनी आपली, तू अकाउंटला, मी उगवण तपासायच्या लॅबला. बियाणं ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं आणि किती कोंब आले ते मोजायचं, हे माझं काम. बदनापूरहून रोज रेल्वेनं नवीन जालन्याला यायचं, संध्याकाळी परत. तुझं घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. एक दिवस ऑफिसच्या पार्किंगमध्ये तू ती सायकल दाखवलीस. मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल, जाड टायर, रंग मातकट. मी तुला जे बोललो ते तू पुढं सगळ्या जगाला सांगत फिरलास. मी म्हणलो होतो, "आम्ही जलमभर सायकल सुटावी म्हणून शिकलो, आन् तू शिकून सायकल धरून राह्यला?"

तू म्हणलास, "ही रोडवरची न्हाई, ग्रॅज्युएट. खडीवरची आहे, जंगलातली. एकदा येऊन तर बघ."

ग्रॅज्युएट हे नाव तूच पाडलंस. माझ्या टेबलावर पदवीदान समारंभातला माझा काळ्या गाऊनमधला फोटो ठेवलेला असायचा, त्यावरून. तू टोमणा म्हणून म्हणायचास आणि मी मान म्हणून घ्यायचो, त्यामुळं आपलं कधी भांडण झालं नाही.

खरं सांगायचं तर मी खुन्नस म्हणून आलो. शाळेला वस्तीवरून बदनापूरला मी सायकलीनंच जायचो, ती बापाची सायकल, मागं कॅरियरवर चाऱ्याची पेंढी. पहिल्या पगारावर मोटारसायकल घेतली तेव्हा शपथ घेतली होती की आता पायडल मारणार नाही. आणि तू मला गाडीत घालून भोकरदनच्या पुढं धावड्याला नेलंस, चहाच्या हॉटेलाच्या मागं गाडी लावलीस, गाडीच्या पाठीवरून दोन सायकली उतरवल्यास आणि वनखात्याच्या कच्च्या रस्त्यानं वर निघालास. खाली कापसाची शेतं, वर साग. मुरूम, त्यावर सुटी खडी, मध्ये मध्ये गेल्या पावसानं कापलेले ओघळ. चढ मला जड गेला नाही, मांड्या बदनापूरच्या होत्या. उतारावर मात्र जीव मुठीत. मी दोन्ही ब्रेक आवळून धरले आणि चाक खडीवरून असं सरकलं की मी सरळ करवंदीच्या जाळीत. तू वरून ओरडलास, "सोड की त्याला थोडं. गळा दाबल्यावर कोण चालंल?"

त्या दिवशी वर पठाराच्या कडेला उभं राहून तू पलीकडचं खान्देशाचं रान दाखवलंस. धुकट, उतरत गेलेलं. मी जालना जिल्ह्यात जन्मलो, वाढलो, शिकलो, नोकरीला लागलो, आणि आपल्या जिल्ह्याला असा डोंगर आहे हे मला माहीत नव्हतं. दोन महिन्यांत मी सायकल घेतली. घरी आणली तेव्हा अण्णा, माझे वडील, तिच्याभोवती फिरले. "स्टँड न्हाई, कॅरियर न्हाई, घंटी न्हाई. मंग घेतलं काय?" म्हणाले. आणि थोड्या वेळानं, आईला ऐकू जाईल असं, "शिकूनसवरून पोरगं परत सायकलीवरच आलं." हे तुला सांगितलं तेव्हा तू हसून रस्त्याच्या कडेला बसलास.

आता पानाचं. तू माझ्यापेक्षा चढाला तेज होतास, त्यामुळं पुढं तू आणि मागं मी हे पहिल्या दिवसापासून ठरून गेलं. पण त्या जंगलात फाटे फार. एक रस्ता रोपवनाला, एक पाणवठ्याला, एक कुठंच नाही, नुसता नाल्यात जाऊन संपणारा. फोन चालत नाही. तेव्हा तू ती रीत काढलीस. तुझ्या आजोळी गाड्या जुंपून जत्रेला निघायचे, तेव्हा पुढची गाडी मागच्यांसाठी फाट्यावर पाला ठेवायची म्हणे. आपण पाल्याच्या जागी सागाचं पान घेतलं. पुढच्यानं फाट्यावर थांबायचं, एक पान तोडायचं, चपट्या दगडाखाली दाबायचं. देठ जिकडं, वाट तिकडं. मग मागं वळून बघायचं नाही, सरळ निघायचं, आणि वर पोचल्यावर मागचा येईपर्यंत पाण्याला तोंड लावायचं नाही. मागच्यानं काय करायचं, तर दगड बाजूला टाकायचा आणि पान उचलून वर आणायचं. ते का, असं मी विचारलं तेव्हा तू म्हणलास, "उद्या दुसरं कोणी त्या पानावर इसंबून आपल्या मागं आलं तर? आपली खूण आपल्यापुरती."

कितीदा तू म्हणलास, ग्रॅज्युएट, आज तू पुढं हो. मी नाहीच म्हणलो. तुला वाटायचं मी दम राखतोय. तसं नव्हतं. मी तुला त्याचं कारण कधी सांगितलं नाही, कारण बोलताना ते रडगाणं वाटलं असतं, आणि रडगाणं मला आवडत नाही.

आमच्या वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट मी. अभिमान आहे मला त्याचा, फोटो उगीच ठेवलेला नाही. पण कॉलेजात पहिल्या दिवशी कोणत्या दारानं आत जायचं, होस्टेलला काय काय न्यायचं, सायन्सला गेलं तर पुढं काय होतं, मुलाखतीला चप्पल चालते का, हे विचारायला घरात, भावकीत, वस्तीत एक माणूस नव्हता. सगळं चुकत चुकत केलं. चुकीच्या रांगेत अर्धा दिवस उभा राहिलो आणि मग रांग बदलली. माझ्या मागच्यांना मी आहे. पुतणे, भाचे, शेजारची पोरं, सगळी मला विचारून गेली. मला सांगायला आवडतंही. पण माझ्यापुढं कायम रिकामा फाटा. आणि इथं, दर रविवारी, धापा टाकत वळणावर आलो की मातीत एक हिरवं पान. दगडाखाली दाबलेलं, देठ बरोब्बर वाटेकडं. कुणीतरी पुढं जाऊन आलंय आणि त्याला माहीत आहे की मागं मी आहे. ते पान उचलताना मला जे वाटायचं, ते मला पदवी घेतानाही वाटलं नव्हतं. हे एकदा तुला बोलायचं होतं. राहिलं.

आणि याच रितीतून तो देव निघाला.

त्या दिवशी मी वरच्या फाट्यावर आलो, पानाला हात घालणार तेवढ्यात वरून तुझी हाक. तुझी चेन तुटली होती. मी तसाच वर आलो. पान येताना काढू, असं आपण दोघंही म्हणलो. चेन जोडता जोडता ऊन कललं, आणि आपण परत आलो ते खालच्या जवळच्या वाटेनं. पुढं तुझं मार्चअखेरचं काम, माझ्याकडं चुलतबहिणीचं लग्न. बऱ्याच दिवसांनी गेलो तर फाट्यावर गुडघ्याएवढा ढीग. दगड, आणि दगडांत खोचलेली पानं, डहाळ्या. आपल्याकडं वाटेवर असे देव असतातच. जाणारा एक फांदी टाकतो आणि पुढं जातो. का टाकली विचारलं तर त्यालाही सांगता येत नाही, पुढच्यानं टाकली म्हणून मी टाकली. कुणीतरी गुराख्यानं तुझं पान बघितलं असणार, दगडाखाली नीट ठेवलेलं. त्याला वाटलं असणार, कुणीतरी काहीतरी बोललंय इथं. त्यानं एक ठेवलं. त्याच्या मागच्यानं एक.

त्याच्या पुढच्या खेपेला शेंदूर होता.

तू हसून हसून सायकलीसकट आडवा झालास. मला हसू आलं नाही. मी म्हणलो, हे उधळायचं, आत्ताच्या आत्ता. माझ्या आज्यानं छप्पन्न सालानंतर घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. ती गोष्ट आमच्या घरी मी पाळण्यात असल्यापासून ऐकली आहे. आज्यानं देव सोडले, बापानं हाडं झिजवून मला शिकवलं, आणि मी शिकून काय केलं, तर नवा देव बसवला.

तू म्हणलास, "तू कुठं बसवला? बसवला मी. तू फकस्त उचलला न्हाई."

"विनायक, हसण्यावारी नेऊ नको."

"अरे, कुणाचं काय घेऊन राह्यला तो? चंदा मागून राह्यला का?"

"आज न्हाई. उद्या मागंल."

"मंग उद्या उधळ."

तेव्हापासून प्रत्येक खेपेला तेच. तू ढिगाजवळून जाताना हँडलवरचा एक हात उचलून म्हणायचास, "काय पोरा, बराय का?" आणि मी मागून शिव्या घालत यायचो. तुझं म्हणणं, लोकांना जंगलात एक ओळखीची जागा झाली, बिघडलं काय. माझं म्हणणं, खोट्यावर उभं राहिलेलं कितीही गोड असलं तरी खोटंच. तू तुझ्या बाजूनं हसून बोलायचास, ते मला जास्त लागायचं. तुझ्या घरात देव पिढ्यान् पिढ्या आहेत, तुला एक जास्त काय आणि एक कमी काय. माझ्यासाठी तो एक म्हणजे पहिला होता. हेही मी तुला याच शब्दांत सांगितलं होतं. तू म्हणलास, "हे मला सुचलं न्हवतं." पण उधळू दिलं नाहीसच.

मग आपण हिमाचलला गेलो. दोन्ही सायकली खोक्यात घालून रेल्वेनं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना परत आणा." मी म्हणलो, ते मला आणतील. किन्नौरकडचे ते जंगलातले रस्ते. तीच खडी, फक्त साग नाही, देवदार. खाली नदी इतकी खोल की आवाज यायचा, पाणी दिसायचं नाही. तू फाट्यावर देवदाराची डहाळी ठेवायचास, आणि मी ती उचलून आणायचो. हवा पातळ, माझं डोकं ठणकत होतं. धावड्याच्या चढावर छाती काढणारा मी तिथं लहान पोरासारखा थांबत थांबत चढलो.

वर खिंडीपाशी दगडांची रास होती. पाच रंगांच्या पताका, वाऱ्यानं चिंध्या झालेल्या. काही दगडांवर अक्षरं कोरलेली. मला आमच्या विहारावरच्या पताका आठवल्या. मी सायकल आडवी घातली, रस्त्याच्या कडेचा एक दगड घेतला आणि त्या राशीवर ठेवला. तुझा नियम, पुढच्यानं मागं बघायचं नाही. पण त्या दिवशी मला फार वेळ लागला म्हणून तू काळजीनं परत फिरलास, आणि नेमकं तेवढं बघितलंस.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर, दोन्ही हात ग्लासाभोवती धरून, सावकाश म्हणलास, "ग्रॅज्युएट, इथं ठेवला. आन् तिकडचा उधळायचा?"

मी चिडलो. म्हणलो, ते वेगळं आहे.

"काय वेगळं ते सांग. भांडत न्हाई, समजून घेऊन राह्यलो."

"नंतर सांगतो."

येताना एवढा लांबचा प्रवास, जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो आपण. तेवढं सोडून. तू परत विचारलं नाहीस. तुला वाटलं असेल, मी हरलो आणि कबूल करत नाही. तसं नाही रे. मला तेव्हा स्वतःलाच सापडलं नव्हतं. आता सापडलं असं वाटतं. मी त्या दगडाला काही मागितलं नव्हतं. मी एवढंच बघितलं की घरापासून इतक्या लांब, इतक्या उंचावर, माझी माणसं माझ्या आधी जाऊन गेली आहेत. चालत गेली आणि खूण ठेवून गेली. मी पहिला नाही, असं मला जन्मात तिथं पहिल्यांदा वाटलं. म्हणून ठेवला. 

आपली शेवटची फेरी दसऱ्यानंतरची. साग हिरवागार, रस्त्यावर नुकतं ऊन पडलेला चिखल. ढिगापाशी आपण दोघं एकदमच पोचलो, आणि मी परत विषय काढला. तू शेंगदाण्याचा लाडू खात होतास. म्हणलास, "माझ्यासमोर न्हाई. मी नसताना उधळ जा."

मी म्हणलो, "मंग पुढच्या रविवारी तू घरी राहा."

पुढच्या रविवारी तुझ्याकडं पाहुणे होते. त्याच्या पुढचा रविवार तू बघितला नाहीस. सकाळी चहा घेता घेता गेलास, असं रेणूनं फोनवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "काका, बाबा गेले, तुम्ही या," आणि फोन ठेवला. बाप सांगायचा तसंच, कमी शब्दांत.

दिवस झाल्यावर मी घरी गेलो. व्हरांड्यात तुझी सायकल भिंतीला लावलेली, पुसलेली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ही तुम्ही घेऊन जा की. येता-जाता दिसती." मी हो म्हणलो. तेवढ्यात आतून तुझी लेक आली. कॉलेजात आहे, संभाजीनगरला राहते, घरी आली की तुझ्या त्या घट्ट चड्डीला हसायची, तीच ही रेणू. म्हणाली, "न्यायची न्हाई. मी चालवणार आहे." वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलो, रस्ता फार वाईट आहे बेटा. ती म्हणाली, "बाबा दर रविवारी कुठं जायचे ते मला बघायचंय. फोटो बघितलेत. फोटोत नुसती झाडं आहेत."

मी सीट खाली घेतली. तुझ्या उंचीची खूण म्हणून तू सीटच्या दांड्याला निळी चिकटपट्टी लावली होतीस. ती काढू का विचारलं तर म्हणाली, राहू द्या.

खोटं बोलत नाही, माझ्या मनात दुसरंही होतं. तू म्हणाला होतास मी नसताना उधळ. तर मी पुढं जाऊन, रेणू वर यायच्या आत, तो ढीग उधळणार होतो. हातमोजेही घेतले होते. पोरीनं बापाचा रस्ता बघायला यावं आणि तिथं शेंदूर फासलेले दगड दिसावेत, हे मला नको होतं. परवाच्या रविवारी धावड्याला नेऊन तिला मी हॉटेलाच्या मागं उभं राहून रीत सांगितली. देठ, दगड, पान, पाणी. तिनं तू हिशोब ऐकायचास तशी मान एका बाजूला करून ऐकली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही वर पाणी पिणार न्हाई, मी येईपर्यंत?" नाही पिणार, म्हणलो.

आणि मी पुढं निघालो. पहिल्या फाट्यावर आलो, थांबलो, आणि खाली बघत बसलो. बराच वेळ मला कळेचना मी काय शोधतोय. पान शोधत होतो, विनायक. मग उठलो, डोक्यावरची फांदी वाकवली आणि पान तोडलं. तुझ्यासारखं जमलं नाही, देठ दोनदा तुटला.

वरच्या फाट्यावर ढिगाशेजारी एक म्हातारी बसली होती, शेळ्या सागात पांगलेल्या. मी तिला रामराम केला. ती असताना उधळता येईना, म्हणून गप्पा काढल्या. विचारलं, मावशी, हा कशाचा देव.

"पानदेव न्हवं का."

"कधीपासून हाय इथं?"

"म्होप जुना हाय, बाबा. माझी सासू सांगायची, ह्याला पान घातलं की माणूस वाट चुकत न्हाई."

"सासूबाई हायेत का अजून?"

"कुठल्या. तिला जाऊन लई सालं झाली."

ही ती गोष्ट, विनायक. हे सांगायला मी मोबाईलला हात घातला होता. तुझं पोरगं तुझ्या-माझ्यादेखत जन्मलं आणि म्हातारीच्या सासूपेक्षा थोरलं झालं. तू काय लोळला असतास त्या खडीवर. मी एकटाच हसलो, मोठ्यानं, आणि हसता हसता ते भलतीकडंच गेलं. शोकसभेत आलं नव्हतं ते तिथं आलं. म्हातारी घाबरली. म्हणाली, पाणी पी रं लेका. मी म्हणलो, पाणी पिता येत न्हाई.

"काऊन?"

"मागं माणूस आहे."

तिला हे अगदी बराबर वाटलं. मान हलवली आणि म्हणाली, "मंग पान घाल आन् जा. बसला कशाला?" शेळ्या हाकत ती उतरून गेली.

आता तिथं कुणी नव्हतं. मी हातमोजे घातले. वरचे चार-पाच दगड काढून कडेला ठेवले. वाळलेली पानं हाताला लागून चुरा होत होती, खाली त्यांची मातीच झालेली. सगळ्यात खाली एक काळा, चपटा दगड. शेंदूर तिथपर्यंत पोचलेला नव्हता. पान वाऱ्यानं उडू नये म्हणून तू नेहमी चपटाच बघून घ्यायचास. तो तू ठेवलेला दगड. माझ्यासाठी ठेवलेला. बाकीचे सगळे नंतरचे.

मी काढलेले दगड परत लावले. तू जिंकलास असं समजू नको. शेंदूर मला अजूनही पटत नाही, हात मी जोडले नाहीत, आणि उद्या तिथं कुणी दानपेटी ठेवली तर ती मी स्वतः उचलून नाल्यात टाकीन. पण तो तळचा दगड हलवायचा अधिकार मला नाही, एवढं मला पटलं. किन्नौरातला मी हलवला असता का? नाही ना. मग झालं. वेगळं काय ते तू विचारलं होतंस. फार वेगळं नाही.

फक्त एक अडचण होती. त्या ढिगावर एवढी पानं, आणि सगळ्यांचे देठ सगळीकडं. तुझा देव आता वाट सोडून बाकी सगळं दाखवतो. म्हणून मी फाट्याच्या दुसऱ्या बाजूला, मोकळ्या मातीत, एक नवं पान ठेवलं. दगड चपटा बघून घेतला. देठ उजवीकडं केला आणि मागं न बघता निघालो.

वर तू थांबायचास त्या सालईच्या झाडाखाली थांबलो. तहान लागली होती. तू हे दर रविवारी कसं करायचास कोण जाणे. मी मागून येताना पाणी पीत पीत यायचो, तू तसा बसून असायचास आणि कधी बोलला नाहीस. मला काळजी लागली, पोरगी ढिगावरचं पान बघून डावीकडं तर गेली नसेल. उठावं, परत फिरावं असं चारदा वाटलं. फिरलो नाही.

पठाराच्या अलीकडं तो छोटा उतार आहे ना, तिथं पायडल थांबतं आणि तुझ्या सायकलीचं मागचं चाक टिकटिक वाजतं. तो आवाज मी कायम माझ्यापासून लांब जाताना ऐकला. परवा तो खालून माझ्याकडं आला.

रेणूचं तोंड कारलं चावल्यासारखं झालेलं. केसांत खडीची धूळ, कोपर खरचटलेलं. सायकल आडवी घालून ती सरळ माझ्यापुढं आली आणि जर्सीच्या मागच्या खिशातून पानं काढून माझ्या हातावर ठेवली. "ढिगावरचं एक पण न्हाई उचललं," म्हणाली. "तुमचंच उचललं. दगड टाकला."

मी बाटली उघडून तिला दिली. ती घटाघटा प्यायली, इतकी की मला राहिलं नाही. तेव्हा माझं लक्ष गेलं, तुझ्या सायकलीला तुझी बाटली तशीच होती, काठोकाठ भरलेली, झाकणसुद्धा न उघडलेलं. वाटेत का नाही प्यालीस, असं विचारलं.

"तुम्ही वर पिणार न्हाई म्हणला होता ना," ती म्हणाली. "मंग मी कशी पिऊ?"

मागच्यानं प्यायला हरकत नसते, हे तिला मी सांगितलं नाही. तू असतास तर तूही सांगितलं नसतंस.